पाणी मधोमध थांबलं

सत्त्याहत्तर साली मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, सिव्हिल विभागाच्या डिझाइन सेक्शनमध्ये नोकरीला होते. वय पंचवीस. सेक्शनमध्ये बाई मी एकटीच. घर टी. टी. नगरात, जवाहर चौकापासून चालत सात मिनिटांवर. छप्पन साली नागपूरची सरकारी कार्यालयं इकडे हलली, तेव्हा वडील फायलींच्या पेट्यांबरोबर इथं आले आणि इथलेच झाले. त्यांच्या ऑफिसात कुणी विचारलं, की ते मोठ्या ऐटीत सांगायचे, "आमची रत्नप्रभा छतं बांधते." मी छतं बांधत नव्हते. मी छतांची गणितं करत होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कळायला सुमित्रा भेटावी लागली.

त्या वर्षी लोखंडाची फार टंचाई होती. कामगारांसाठी दोनशे क्वार्टर्स बांधायचे होते आणि सळ्यांचा पत्ता नव्हता. म्हणून विभागानं ठरवलं, की प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तुळया आपल्याच यार्डात ओतायच्या, दोन-दोन फुटांवर भिंतीवर मांडायच्या, वर दगडी फरश्या टाकायच्या आणि त्यावर काँक्रीटचा पातळ थर द्यायचा. ऑफिसात आम्ही या तुळयांना जॉइस्ट म्हणायचो. साइटवरचे मजूर कडी म्हणायचे.

गणित माझ्याकडे आलं. तीन मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, पंधरा उंच असा सरळ चौकोनी छेद मी धरला. साचा बनवायला सोपा. काँक्रीट ओतायच्या आधी सहा बारीक पोलादी तारा प्रत्येकी दीड टनानं ताणून धरायच्या. त्यांच्याभोवती काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की तारा कापायच्या. ताणलेल्या तारा आखडायला बघतात आणि आखडता आखडता काँक्रीटला आवळून धरतात. तारा मध्यापासून तीन सेंटिमीटर खाली ठेवल्या, की खालची बाजू जास्त आवळली जाते, वरची जराशी ताणली जाते आणि तुळई मधोमध तीन-चार मिलिमीटर वर उचलते. पुढं छताचं वजन खालच्या बाजूला ताणू बघतं, पण तिथं आधीच दाब भरून ठेवलेला असतो. वजन त्या दाबातून खात राहतं, काँक्रीटला तडा जात नाही.

माझे आकडे मला आजही पाठ आहेत. तारा कापल्यावर खालच्या कडेला दर चौरस सेंटिमीटरला एकशे बत्तीस किलो दाब, वरच्या कडेला बारा किलो ताण. काळानुसार वीस टक्के जोर कमी होईल असं धरलं तरी खाली एकशे पाच उरतात. छत आणि माणसं मिळून त्यातले त्र्याऐंशी खाणार. शिल्लक बावीस.

हे गणित तपासायला नीळकंठ मोहरील होते. आमचे असिस्टंट इंजिनिअर, मूळ अमरावतीचे, रिटायर व्हायला पाच वर्षं राहिलेली. माझा कागद समोर आला की ते आधी तो उलटा करून ठेवायचे, स्लाइड रूल काढून स्वतःचं उत्तर काढायचे आणि मग कागद सुलटा करून दोन्ही ताडून बघायचे. त्या दिवशी त्यांना शिल्लक तेवीस आली.

"तू बावीस लिहिलेस, मला तेवीस येतात," ते म्हणाले. "तुझेच राहू दे. कमी धरलेलं बरं."

त्यांनी 'तपासले' अशी सही केली. वर आमच्या मोठ्या साहेबांची, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची, मंजुरीची सही झाली. यार्डात तुळया पडायला लागल्या. ऑगस्टमध्ये पहिला ब्लॉक पुरा झाला, गणपतीच्या आधी लोक राहायलाही आले. मी एकदा जाऊन बाहेरूनच बघून आले आणि घरी येऊन आईला म्हटलं, "झालं बघ माझं छत."

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. दुसऱ्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यावर तुळया मांडून झाल्या होत्या आणि त्या भिंतीवर किती टेकल्यात ते मोजायला मोहरीलसाहेबांनी मला पाठवलं होतं. जिन्यावरून वर गेले. भिंतीच्या कडेनं पाय टाकत माप घ्यायला सुरुवात केली. फरश्या अजून यायच्या होत्या, म्हणून तुळयांवरची धूळ धुऊन काढायला एक रेजा मधल्या फळीवर बादली आणि खराटा घेऊन उभी होती. रेजा म्हणजे आमच्याकडे बांधकामावरची मजूर बाई. तिशीची असेल. साडीचा काचा मारलेला, डोक्याला टॉवेल. ती पाणी ओतायची, खराटा मारायची आणि मग पुढच्या तुळईकडे जायच्या आधी थोडी थांबायची. मला वाटलं, दम खातेय.

मी जवळ आले तशी ती म्हणाली, "दीदी, आप दफ्तर वाली हो न? एक बात पूछूँ?"

"पूछो."

"ये कड़ी, और ये वाली कड़ी, एक ही है?"

"एकच. सगळ्या एकाच साच्यातल्या." मी मराठीत बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं.

तिनं एका तुळईवर मग्गाभर पाणी ओतलं. पाणी मधून दोन्हीकडे निघालं आणि भिंतींकडे सरकत गेलं. तिनं शेजारच्या तुळईवर तेवढंच पाणी ओतलं. हे पाणी कुठंच गेलं नाही. मधोमध लांबट होऊन थांबलं आणि कडांवरून थेंब थेंब खाली पडायला लागलं.

"इसमें ठहरता है," ती म्हणाली. "उसमें नहीं ठहरता. मुकद्दम से बोली थी. बोला, पानी डाल, अकल मत डाल."

मी त्या थांबलेल्या पाण्याकडे बघत राहिले. तुळई वर उचललेली असायला हवी. ही खाली दबली होती. अजून तर तिच्यावर काहीच वजन नव्हतं. म्हणजे ती वाकलेली नव्हती. उलटी ठेवलेली होती.

माझा चौकोनी छेद वरून आणि खालून सारखाच दिसत होता. यार्डातला मिस्त्री हौशी, वरची बाजू थापीनं इतकी गुळगुळीत करायचा, की साच्याकडची कुठली आणि थापीची कुठली ते ओळखू यायचं नाही. तारांची टोकं गंजू नयेत म्हणून दोन्ही टोकांना डांबर फासलेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तुळया आडव्या रचायच्या, उतरवताना हाताला येईल तशी उचलायची. आणि माझ्या नकाशावर 'ही बाजू वर' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मी तिथंच भिंतीवर बसून वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. उलट्या तुळईला खालच्या बाजूला दाब नाहीच. आधीचा दहा-बारा किलोंचा ताण आणि छत-माणसांचे त्र्याऐंशी. बेरीज त्र्याण्णव, आणि सगळा ताणच. आमचं काँक्रीट चाळीस-पंचेचाळीसला तडकतं.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"सुमित्रा."

"सुमित्रा, अशा किती आहेत?"

"इधर नौ," ती लगेच म्हणाली. तिनं मोजून ठेवल्या होत्या. "और दीदी, पिछले ब्लॉक में भी थी. दो. मुझे याद है, कोने वाले घर की रसोई में. हम वहीं छाँव में रोटी खाते थे."

मागच्या ब्लॉकमध्ये आठ कुटुंबं राहत होती.

मी ऑफिसात पोचले तेव्हा मोहरीलसाहेब डबा उघडून बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मी वही पुढं केली. त्यांनी नेहमीसारखी ती पालथी घातली नाही. सरळ वाचली, दोनदा वाचली.

"साहेब, मी गणितात काय चुकले?" मला रडू येत होतं आणि ऑफिसात रडायचं नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

"गणित बरोबर आहे गं," ते म्हणाले. "कागदावर वर-खाली असतं. ट्रॉलीत नसतं. हे तुला सुचायला हवं होतं, आणि तुझ्या आधी मला. तीस वर्षं झाली मला या कामात." ते उठले. "चल. मोठ्या साहेबांकडे आत्ताच जाऊ. जेवण काय, होईल."

आमचे मोठे साहेब कानपूरकडचे. कामात पक्के पण भारी तापट. त्यांच्या केबिनबाहेर आवाज ऐकूनच शिपाई दार लावून घ्यायचा. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक रेजा ने पानी डाला, और उस पर मैं ब्लॉक का काम रोक दूँ?"

"नाही सर," मी म्हटलं. मग हिंदीत सांगितलं, की पहिल्या ब्लॉकच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक तुळईच्या खालून दोरी ताणून बघू. सुलट्या तुळईचा मधला भाग दोरीपासून वर उचललेला दिसेल. उलटीला दोरी मधे टेकेल आणि टोकांशी सुटेल. दहा मिनिटांचं काम आहे.

"गलती किसकी है?"

"माझी," मी म्हटलं. "ड्रॉइंगवर वरची बाजू लिहिली नाही."

"तपासलं मी," मोहरील म्हणाले. "म्हणजे माझीही."

साहेबांनी नकाशा मागवला. आमच्या दोघांच्या सह्यांच्या वर त्यांची स्वतःची सही होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता भडकणार. ते म्हणाले, "तो मेरी भी. चलो, जीप निकलवाओ."

कोपऱ्यातलं घर मंगला धोट्यांचं. त्यांचे यजमान कारखान्यात टर्नर होते, अकोल्याहून आलेले. त्या चकल्या तळत होत्या. एक साहेब, एक म्हातारे इंजिनिअर आणि एक मुलगी दोरी घेऊन स्वयंपाकघरात शिरलेली बघून त्यांनी कढई उतरवली.

"घ्या ना, स्टूल घ्या," त्या मला म्हणाल्या. "पण फळीवरचे डबे सांभाळा हं, वरचा लोणच्याचा आहे."

मी एका स्टुलावर, मोहरील दुसऱ्यावर. पहिल्या तुळईखाली दोरी ताणली. मधे बोटाच्या नखाएवढी फट. दुसरीलाही तशीच. तिसरीला दोरी मधे टेकली. दोरी घट्ट ताणलेली असूनही माझ्या बाजूच्या टोकाशी ती तुळईला लागेना. चुन्याच्या पांढऱ्या रंगात मधोमध एक रेघ होती, केसाइतकी बारीक. रुंदीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चौथीलाही तशीच एक.

साहेब स्वतः स्टुलावर चढले. रेघेवरून नख फिरवलं, उतरले. चुन्याची पांढरी पूड त्यांच्या बोटाला लागली होती.

"वर गच्चीवर काय ठेवलंय?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"आत्ता काही नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "परवा कोजागिरी आहे ना. आपल्या सगळ्या मराठी लोकांची दूध प्यायला गच्चीवर बैठक ठरलीय. चुली इथंच वर मांडणार, माझं घर शेवटचं म्हणून. साठ-सत्तर जण तरी येतील. पोरं वेगळी." मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "का हो? काय झालं?"

मी त्यांना सांगितलं. सोपं करून, पण खरं तेच सांगितलं. त्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. त्यांची दोन वर्षांची मुलगी वंदना मधे येऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि चकली मागायला लागली. त्यांनी तिला चकली दिली.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे कुणाच्या लक्षात आलं?"

"सुमित्रा नावाची रेजा आहे."

"रेजा?"

"हो. तिनं पाणी ओतून बघितलं."

दिवस मावळायच्या आत त्या स्वयंपाकघरात चार बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, उभ्या राहिल्या, वर आडवं लाकूड, पाचरी ठोकून घट्ट. गच्चीच्या जिन्याला कुलूप. बाकीच्या सात घरांत आम्ही दोरी घेऊन फिरलो. प्रत्येक घरात स्टूल मागायचं, डबे बाजूला करायचे, प्रत्येक घरात कुणी ना कुणी चहा विचारायचं. उलटी तुळई आणखी एकही निघाली नाही. सुमित्रानं दोन म्हटलं होतं, दोनच होत्या. शेवटच्या घरातून बाहेर पडलो तेव्हा मोहरीलसाहेबांनी दोरीची गुंडाळी खिशात घातली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. "रत्नप्रभा," ते म्हणाले, "आपण दोघं देवाचे नाही, त्या बाईचे ऋणी आहोत. हे विसरू नकोस." ते रोज सकाळी तासभर पूजा करणारे गृहस्थ होते.

पुढच्या आठवड्यात त्या दोन तुळयांखाली लोखंडी गर्डर बसवला. तोवर मंगलाबाई बल्ल्यांमधून वाट काढत स्वयंपाक करत होत्या. दुसऱ्या ब्लॉकमधल्या नऊ तुळया मजुरांनी एका दिवसात सुलट्या केल्या. त्यांना तडा गेलेला नव्हता, कारण त्यांच्यावर अजून वजनच आलं नव्हतं.

त्या सुलट्या करायच्या आधी, दोरी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब साइटवर आले होते. सुमित्राला बोलावलं. ती घाबरून हात पुसत आली, मागं मुकादम. "दिखाओ," साहेब म्हणाले. तिनं मग्गा भरला, ओतला. पाणी दोन्हीकडे गेलं. दुसरीवर ओतला. पाणी थांबलं. त्यांनी मग्गा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः आणखी तीन तुळयांवर पाणी ओतून बघितलं. त्यांच्या पँटची घडी भिजली. शेवटी ते मुकादमाला म्हणाले, "ये जो बोले, वो लिखना. और मुझे दिखाना." सुमित्राकडे वळून त्यांनी मान खाली करून एक छोटा नमस्कार केला. तिला तो समजला नाही. तिला वाटलं, ते खाली पडलेलं काही बघतायत. तिनंही खाली बघितलं.

अहवाल मी लिहिला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की ही बाब श्रीमती सुमित्रा, रेजा, यांनी प्रथम निदर्शनास आणली. साहेबांच्या कारकुनानं त्याखाली रेघ मारून कागद परत पाठवला. तांत्रिक अहवालात मजुराचं नाव घालायची पद्धत नाही, असा शेरा. मी तो मोहरीलसाहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "निरीक्षण कुणाचं ते लिहायची पद्धत आहे. तेवढं सांग त्याला." मी तेवढंच लिहून तो कागद परत पाठवला. साहेबांनी सही केली. ती फाइल पुढं कुठं गेली मला माहीत नाही. पण त्यावर तिचं नाव होतं.

त्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होती. मी तिला म्हटलं, "तुला कसं वाटलं, की पाणी बघावं?"

"देखा नहीं दीदी, दिखा," ती म्हणाली. तिचं गाव सागरच्या बाजूला. शेतात पाट काढायचं काम तिनं लहानपणापासून केलं होतं. पाणी कुठं जातं ते डोळ्याला आपोआप दिसतं, म्हणाली. मग तिनं विचारलं, "पर कड़ी उल्टी हो तो क्या होता है? वजन तो उतना ही है."

मी जमिनीवर काडीनं चित्र काढायला लागले. तार, दाब, ताण. तिला काही कळेना, मलाही सांगता येईना. मग समोरून एक मजूर सात-आठ विटांची आडवी रांग दोन्ही हातांच्या तळव्यांत दाबून उचलून नेताना दिसला. खाली काही आधार नाही, नुसता दोन्ही बाजूंनी दाब.

"ते बघ," मी म्हटलं. "तो हात खालच्या बाजूला धरून दाबतोय. वर धरले तर?"

तिनं भाकरी पानावर ठेवली, उठली, पाच विटा रांगेत लावल्या आणि वरच्या कडेला तळवे लावून उचलायला गेली. मधली वीट निसटून खाली पडली. परत लावल्या. आता हात खाली लावले आणि रांग उचलून माझ्यासमोर धरली.

"इतनी सी बात?" ती म्हणाली. "ये तो हम रोज करते हैं."

कॉलेजात पाच वर्षं मी जे शिकले होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा हातांत जाणवलं. कारण नंतर मीही त्या विटा उचलून बघितल्या. दोनदा पाडल्या.

कोजागिरी गच्चीवर झाली नाही, ब्लॉकसमोरच्या मैदानात झाली. चुली तिथंच मांडल्या. चंद्र उगवला तेव्हा दूध उतू जायच्या बेतात आलेलं. मला मंगलाबाईंचा निरोप होता, की सुमित्राला घेऊनच या. ती येईना. म्हणे, साहेब लोकांत मी काय करू. शेवटी तिच्या दोन पोरांना दुधाचं सांगितल्यावर आली. नवी नाही, पण धुतलेली हिरवी साडी नेसली होती.

मंगलाबाईंनी तिला पाटावर बसवलं. हळद-कुंकू लावलं, ओटीत तांदूळ, खण, नारळ घातला आणि वाकून तिच्या पायाला हात लावायला गेल्या. सुमित्रा पाटावरून उठून उभीच राहिली, ओटीतले तांदूळ सांडले.

"दीदी," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ये क्या कर रही हैं? मेरे से छोटी हैं क्या?"

"मोठ्या आहेत तुझ्यापेक्षा," मी म्हटलं. "तरी करू दे."

"और इस नारियल का क्या करूँ?"

"खा," मंगलाबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वंदना खाली बसून सांडलेले तांदूळ एकेक उचलत होती. मोहरीलसाहेबांनी सुमित्राच्या पोरांना दोन-दोन पेले दूध दिलं आणि आणखी एक भरून तिच्या हातात ठेवला. आमचे मोठे साहेबही आले होते. जाताना मला एवढंच म्हणाले, "लांजेवार, हफ़्ते में दो दिन साइट पर जाओ. टेबल पर मत बैठी रहो." मी पुढची अठ्ठावीस वर्षं ते पाळलं.

नकाशा मी बदलला. तुळईचा खालचा भाग पायासारखा रुंद केला, म्हणजे ती उलटी ठेवताच येणार नाही. गणित थोडं लांबलं, साचा थोडा अवघड झाला. तो साचा येईपर्यंत यार्डात प्रत्येक तुळईच्या वरच्या बाजूला लाल पट्टा मारायचं काम सुमित्राकडे आलं. मग साहेबांनी तिला रोजंदारीच्या मस्टर रोलवरून उचलून मटेरियल टेस्टिंगच्या शेडमध्ये हेल्पर केलं. काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली ठेवायचे, ते किती वजनाला फुटतात ते काट्यावर वाचायचं. आकडे तिला मी शिकवले. महिन्याभरात ती ठोकळा हातात घेऊनच सांगायची, "ये कमज़ोर है दीदी, पानी ज्यादा पड़ गया." दहातल्या आठ वेळा तिचं बरोबर निघायचं. पुढं ती कायम झाली. क्वार्टर मिळाला. तिची दोन्ही पोरं वसाहतीच्या शाळेत शिकली.

मोहरीलसाहेब ब्याऐंशीत रिटायर झाले आणि अमरावतीला गेले. दर दिवाळीला पत्र यायचं. त्यात 'सुमित्राबाईंना नमस्कार' ही ओळ कधी चुकली नाही. मी ती तिला वाचून दाखवायची, ती प्रत्येक वेळी विचारायची, "उनका घुटना कैसा है?"

सुमित्रा दोन हजार चार सालाच्या आसपास निवृत्त झाली. सागरच्या रस्त्याला, वसाहतीपासून दहा-बारा किलोमीटरवर तिनं जमिनीचा तुकडा घेतला होता. तिथं दोन खोल्या बांधायला काढल्या. एक दिवस ती माझ्या ऑफिसात आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "दीदी, छत का हिसाब आप करोगी. और किसी से नहीं कराऊँगी."

मी तिला म्हटलं, एवढ्याशा खोलीला गवंडीसुद्धा अंदाजानं सांगेल. ती म्हणाली, "अंदाज़ से नहीं."

दोन रविवार मी तिथं गेले. खोल्या मोजल्या, तुळयांचं गणित केलं, सुट्ट्या कागदावर नीट लिहून काढलं. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे स्वतःच्या डोक्यावरचं छत मागितलं होतं. दोनशे क्वार्टर्सच्या वेळी नव्हती एवढी भीती मला त्या दोन खोल्यांची वाटली. तपासायला मोहरीलसाहेब नव्हते, म्हणून मी स्वतःच माझा कागद पालथा घालून दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून परत केलं.

घर झाल्यावर तिनं मला जेवायला बोलावलं. उन्हाळ्याची दुपार होती. तिनं वरण, बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे आणि कैरीची चटणी केली होती. मोठा मुलगा कामावर गेलेला, सून वाढत होती. जेवण झाल्यावर बाहेर ऊन इतकं होतं, की बसस्टॉपपर्यंत जाणं शक्य नव्हतं. सुमित्रानं आतल्या खोलीत खाट टाकली, वर धुतलेली चादर अंथरली आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

"लेट जाओ थोड़ी देर," ती म्हणाली.

"नको, पडले की झोप लागते मला."

"तो लगने दो."

मी आडवी झाले. वर माझ्याच गणिताच्या तुळया होत्या. ती खाली चटईवर बसून हरभऱ्याची डाळ निवडत होती. थोडा वेळ तिच्या सुपाचा आवाज ऐकू येत राहिला. मग मी झोपले, चांगले दोन तास.